बारा देशांचं पान

अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कपाटात जुने दिवाळी अंक ठेवलेले असतात. निवृत्त माणसं त्यात आपल्या नोकरीविषयी लिहितात. बँकेचे मॅनेजर, इंजिनियर, पोलीस खात्यातले साहेब. मी ते सगळे वाचते. वाचून असं वाटतं, की या लोकांच्या हातून कधी काही चुकलंच नाही. चुकलं ते शेजारच्या टेबलावरच्याचं, आणि यांनी ते सावरलं. त्यांनी सह्या केलेल्या कागदांचं पुढे पुस्तक कोण करतं, हे मात्र त्यांच्यापैकी एकाच्याही लिहिण्यात नाही. ते काम मी करत होते. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. हे कुठल्या अंकाला पाठवायचं नाही.

माझ्या वडिलांचं कऱ्हाडला बाइंडिंगचं दुकान होतं. चौथी झाल्यावर त्यांनी मला कागद दुमडायला बसवलं ते लग्न होईपर्यंत. नणंदेने अर्ज करून आम्हाला अमेरिकेत आणलं, तेव्हा मी दाभण आणि आरी साडीत गुंडाळून आणली होती. यांनी इथे झेरॉक्सचं एक लहान दुकान चालवायला घेतलं. शेजारी दातांचा डॉक्टर, पलीकडे लाँड्री. यांना बोलायला आवडतं, म्हणून हे पुढे काउंटरवर. मी पडद्यामागे.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक वकिलांचं ऑफिस. तिथल्या मुख्य वकिलाला आम्ही घरात ‘मोठा’ म्हणायचो. इथले वकील करार प्लास्टिकच्या पट्टीत अडकवतात आणि मोकळे होतात. पण मोठ्याने एकदा युरोपातून आलेला एक करार पाहिला. तिकडे नोटरी लोक कागद दोऱ्याने शिवतात, वर रिबन लावतात, लाखेचा शिक्का मारतात. तेव्हापासून त्याला आपलेही करार तसेच हवे झाले. आतल्या मजकुरापेक्षा त्याचं लक्ष रिबनकडे जास्त. एकदा रिबन निळी हवी होती आणि मी हिरवी लावली, म्हणून चार पुस्तकं परत आली. मजकुराबद्दल मात्र त्याच्याकडून कधी काही परत आलं नाही.

काम सोपं असतं. कागदांचा गठ्ठा ठोकून एकसारखा करायचा, कडेला आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दाभणीत ओवून शिवायचं, मग पुठ्ठा आणि कापड. खळ मी घरीच शिजवायची, मैद्याची, वडिलांसारखी चिमूटभर मोरचूद घालून. मोरचुदाने कसर लागत नाही. इथे कसर नाही, पण मोरचुदाशिवाय खळ मला खळ वाटत नाही.

त्या ऑफिसातून कागद घेऊन विनय यायचा. पुण्याचा मुलगा, वकिली शिकलेला, इथे येऊन आणखी शिकलेला. करार मोठ्याच्या नावावर जायचे, लिहायचा विनय. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागला. पडद्यामागे येऊन बसणारा, मी काय करते ते बघणारा तो एकटाच. मीही त्याच्याशी बोलायची, कारण तो उत्तराची वाट बघायचा.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात दुकानात खोकीच खोकी आली. जुन्या करारांना, मूळ शिवण तशीच ठेवून, मागे एक नवा कागद शिवून जोडायचा. मी विचारलं, या सगळ्यांना एकदम झालं काय?

“मावशी, युरोपातले बारा देश आपापला पैसा बंद करतायत,” विनय म्हणाला. “मार्क, फ्रँक, लिरा, सगळं कॅन्सल. सगळ्यांचा मिळून एकच युरो. आता करारात लिहिलंय लिरा. लिरा तर मेला. मग करार जिवंत की मेला? म्हणून हा कागद.”

“आणि त्यावर लिहिलंय काय?”

“आर्थिक आणि चलन संघ म्हणजे काय, त्याची व्याख्या.”

मला कळेना. मग त्याने मला कळेल असं सांगितलं. बारा घरांनी चूल एक केली, तो आर्थिक संघ. पैशाचा डबाही एक केला, तो चलन संघ.

“आणि भांडी कुणी घासायची?” मी विचारलं.

विनय इतका हसला, की हे पुढून आत आले. “ते लिहिलेलं नाही मावशी. खरंच लिहिलेलं नाही.”

मला तेव्हा ती गंमत वाटली. पुढे जसजसे गठ्ठे येत गेले, तसा त्या सगळ्या कारभाराचाच उबग आला. प्रत्येक कराराची पहिली कित्येक पानं नुसती अर्थांची. ‘दिवस’ म्हणजे काय, ‘पैसे’ म्हणजे काय, ‘आपण’ म्हणजे कोण. आमच्याकडे लग्न लागताना ‘नवरा म्हणजे’ असं कुणी वाचून दाखवत नाही, तरी संसार होतात. शेजारच्या रॅले शहरातला एक पिझ्झावाला होता, त्याने इटलीहून भट्टी आणली होती आणि करार लिऱ्यात होता. त्याने ऑफिसात जाऊन सरळ विचारलं, लिरा मेला तर माझा करार सुटला का? याचं उत्तर ‘नाही’ एवढंच होतं. मोठ्याने ते सात पानांत दिलं आणि वर रिबन लावायला आमच्याकडे पाठवलं. पिझ्झावाला स्वतः ते पुस्तक न्यायला आला होता. चाळून म्हणाला, याच्यावर पीठ मळता येईल का? यांनी मला मराठीत सांगितलं, आणि पहिल्यांदाच एखादं गिऱ्हाईक जाऊ नये असं मला वाटलं.

त्या व्याख्येच्या पानावर बारा देशांची नावं एकाखाली एक छापलेली असायची. मला इंग्रजी वाचता येत नाही, मोठी अक्षरं तेवढी ओळखते. पण ते पान मी लांबून ओळखायची, भाज्यांच्या यादीसारखं दिसायचं. विनयला ते मुळीच आवडत नव्हतं. तो म्हणायचा, उद्या तेरावा देश आला की सगळी पानं चुकीची. पण मोठ्याला नावं हवी होती. नावं दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्यासाठी काहीतरी खास केलंय, असं त्याचं म्हणणं. रिबनसारखंच.

आता खरी गोष्ट. दोन हजार सहाचा डिसेंबर.

सुधाकरकाका नागपूरचे. पूर्वी इंजिनियर होते, नंतर इथेच व्हिटॅमिनच्या गोळ्या पाकिटात भरायचा लहान कारखाना काढला. मंडळात भाषण करायला कायम पुढे. त्यांना स्लोव्हेनिया नावाच्या देशातून एक यंत्र घ्यायचं होतं. किंमत ठरली तिथल्या पैशात, त्याला टोलार म्हणतात. आणि तो देश नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या बारांच्या चुलीत तेरावा म्हणून जाणार होता. म्हणून विनयने करारात कलम घातलं, की सहीनंतर विकणाऱ्याचा देश संघात गेला तर किंमत सरकारी दराने युरोत धरावी. संघ म्हणजे काय, तर ते बारा देशांचं पान, आणि हे कलमही त्याच पानाच्या तळाशी. डिसेंबरात सही झाली असती तर सगळं ठीक होतं.

मी चार पुस्तकं शिवून दिली. मोठ्याची तशी पद्धत होती, इकडच्या सह्यांची पानं कोरी ठेवून पुस्तक आधीच तयार, म्हणजे सहीच्या वेळी रिबन दिसते. सहीचा दिवस ठरला आणि सुधाकरकाकांनी आदल्या संध्याकाळी फोन केला. उद्या अमावस्या आहे. नवं यंत्र अमावस्येला घेत नसतात. एक दिवस पुढे ढकला.

एक दिवस पुढे मोठा बर्फावर घसरायला डोंगरात निघून गेला होता. त्याच्यामागे ऑफिस नाताळासाठी बंद. सह्या झाल्या जानेवारीत, त्याच पुस्तकांवर. मोठ्याने साक्षीदार म्हणून सही केली, काकांनी केली, स्लोव्हेनियावाल्याने सही केलेली पानं आधीच आली होती, ती मी शिवतानाच आत घेतली होती. कुणी पान उलटून बघितलं नाही. बघितलं ते विनयने, शुक्रवारी संध्याकाळी, पुस्तकं टपालात टाकायच्या आधी. किंमत बंद पडलेल्या पैशात. देश सहीच्या आधीच संघात गेलेला, म्हणजे ते कलम लागू नाही. आणि संघाच्या व्याख्येत तो देश नाहीच. काकांना यंत्रासाठी पैसे देणारी बँक असला कागद हातात धरणार नव्हती.

रविवारी दुपारी विनय दुकानात आला. चारही पुस्तकं पिशवीत. चेहरा उतरलेला.

“मावशी, एक पान बदलायचंय. चारही पुस्तकांत.”

मी पुस्तकं टेबलावर ठेवली. सह्या झालेल्या दिसल्या. “मोठ्याला माहीत आहे?”

त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाला, “मावशी, माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज ऑफिसने केलाय. नोकरी गेली की अर्ज गेला, आणि अर्ज गेला की आम्हाला इथून निघावं लागेल. घर आत्ता घेतलंय. इराची शाळा आहे. एक पान आहे हो फक्त. तुमच्यासारखं शिवणारं दुसरं कुणी नाही, कळणारसुद्धा नाही कुणाला.”

इरा म्हणजे त्याची मुलगी. त्याच्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले होते. मृणाल, त्याची बायको, मला सगळ्यांच्या आधी पानावर बसवत होती.

“अगं, दे करून,” हे म्हणाले. “दहा मिनिटांचं काम. आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत?”

कऱ्हाडच्या दुकानात एक रीत होती. शिवलेलं उसवायचं ते मालकासमोर. मग ती पोथी असो, नाहीतर शाळेचं हजेरीपुस्तक. मालक समोर बसल्याशिवाय वडील दोऱ्याला कात्री लावत नसत. यात मोठं तत्त्वज्ञान काही नव्हतं, नंतर पान हरवलं म्हणून भांडण नको एवढंच. पण माझा हात त्या रितीत वाढलेला.

“काकांना बोलाव,” मी म्हटलं. “समोर बसू देत. उसवते.”

“मावशी, प्लीज यार...” म्हणाला आणि जीभ चावली. “सॉरी. पण काकांना सांगितलं तर ते मंडळभर करतील.”

“मग मला जमणार नाही.”

इतकं सरळ मी कुणाला कधी बोलले नव्हते. यांनीही माझ्याकडे वळून बघितलं. विनयने बाहेर जाऊन काकांना फोन केला.

सुधाकरकाका आले, बरोबर शैलाकाकू. काकूंच्या हातात डबा, कारण त्या कुठेही रिकाम्या हाताने जात नाहीत. विनयने सगळं सांगितलं. काकांनी आधी विनयला झापलं, मग मोठ्याला, मग युरोपला.

“अरे, पण सही जानेवारीत झाली तरी कशी? तू वकील आहेस का कोण आहेस?”

“काका, सही डिसेंबरातच होती. अमावस्या होती म्हणून तुम्ही...”

“म्हणजे आता माझ्यावर आलं?”

“येईलच,” काकू डबा उघडता उघडता म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं, नागपूरला ताईला विचारा. ताई म्हणाली, अगं इथे संध्याकाळी अमावस्या संपली, तुमच्याकडे तर सकाळच होती तेव्हा. सहीच्या वेळेला तुमची अमावस्या कुठे शिल्लक होती? पण यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, नागपूरच्या मिठाईवाल्याचं. तीस वर्षं झाली इथे येऊन, पण यांची अमावस्या अजून नागपूरच्या घड्याळाने चालते बाप्पा!”

हे खदखदून हसले. काका नाही हसले. विनयसुद्धा नाही. त्या एका नसलेल्या अमावस्येवर त्याचं घर टांगलेलं होतं.

“बरं झालं ते झालं,” काका म्हणाले. “मी मालक, मी समोर बसलोय. उसवा. पान बदला, विषय संपला.”

मी कात्री उचलली आणि खाली ठेवली. “पुस्तकाचे मालक दोन आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

“तो स्लोव्हेनियात बसलाय!” हे म्हणाले. “त्याला काय आता टेबलावर आणून बसवू?”

“फोन लावा,” काकू म्हणाल्या.

विनय म्हणाला, तसं चालत नाही, त्यांच्या वकिलामार्फत बोलावं लागतं. काका म्हणाले, “काहून? मी तर त्याच्याशी रोज बोलून राहिलो,” आणि खिशातून फोन काढला. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला, चार पुस्तकांच्या मधोमध.

पलीकडे कुणीतरी जेवत होतं, भांड्यांचे आवाज येत होते. काकांनी विचारलं. तो माणूस हसायला लागला. विनयने त्याचं बोलणं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, पहिल्या तारखेपासून मी पावसुद्धा युरो देऊनच घेतोय, किंमतही युरोत धरा, यात विचारायचं काय? पान बदला. पुस्तक आलं की कोपऱ्यात मी माझ्या नावाची पहिली अक्षरं घालीन.

झालं. इतकी वर्षं खोक्यांतून येणारे अर्थ, सात पानांची उत्तरं, रिबनी, आणि सगळ्याचा निकाल एका जेवत्या माणसाने तोंडात घास असताना लावला. शुक्रवारीच हा फोन झाला असता. पण वकिलांच्या जगात सरळ विचारणं हे शेवटचं औषध असतं.

विनयने तळाच्या कलमातला ‘सहीनंतर’ हा शब्द खोडला आणि तिथेच रद्दीच्या कागदावर नवी व्याख्या लिहिली. नावं एकही नाही. त्या त्या वेळी जे देश संघात असतील ते, एवढंच एक वाक्य. मला वाचून दाखवून मराठीत सांगितलं. त्याला ते वाक्य कित्येक वर्षांपासून लिहायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“आणि कुणी बाहेर पडला तर?” मी विचारलं.

“मावशी, यात फक्त येणं असतं. जाण्याची सोयच नाहीये.”

पुढच्या मशीनवर नवी पानं छापून झाली, मी चारही पुस्तकं उसवली. काकांनी नव्या पानांच्या कोपऱ्यात अक्षरं घातली. खळ लावताना काकू म्हणाल्या, निळसर का दिसते? मी मोरचुदाचं सांगितलं. विनयने चार शंकरपाळे खाल्ले. जाताना माझ्या पाया पडला.

पुढच्या आठवड्यात स्लोव्हेनियावाल्याने मोठ्याला एक पत्र पाठवलं, अगदी मनापासून. तुमच्या तरुण वकिलाने रविवारी स्वतःहून चूक सांगून पान दुरुस्त केलं, अशी माणसं हल्ली मिळत नाहीत, वगैरे.

मोठ्याने विनयला त्याच दिवशी काढलं. चूक झाली म्हणून नाही. चूक झाली हे त्याला न विचारता गिऱ्हाइकाला आणि समोरच्या माणसाला सांगितलं म्हणून. बारा नावं लिही असं कोण म्हणालं होतं, हा प्रश्न त्या खोलीत निघाला नाही. तिथे तो काढू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो टेबलावरचं आपलं सामान खोक्यात भरत होता.

काकांना यंत्र मिळालं. बँकेने नवं पान वाचलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, काका ऑफिसात जाऊन एक शब्द टाकतील. ते मोठ्याचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या शब्दाला वजन. हे त्यांना तसं म्हणालेही. काका म्हणाले, “ऑफिसच्या अंतर्गत गोष्टीत आपण पडू नये. वाईट झालं पण.” मंडळाच्या संक्रांतीला त्यांनी ‘परदेशात सचोटीने व्यवसाय’ असं भाषण केलं. मी तिळगूळ घेतला आणि गोड बोलले नाही. तसंही मी काहीच बोलत नाही, त्यामुळे त्यांना कळलं नसावं.

अमावस्या काकांची, पान मोठ्याचं, गेला विनय. उसवलं मी.

विनयने दुसरी नोकरी शोधली. दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, एक मिळता मिळता राहिली. परत जायचं ठरलं आणि वसंतात त्यांनी घरासमोर सामान मांडून विकलं. मी गेले तेव्हा इरा गवतात तिच्या लहान सायकलवर बसून होती, एक बाई ती बघत होती. “इट्स नॉट फॉर सेल,” इरा तिला सांगत होती. मृणाल आत जाऊन तोंड धुऊन आली.

विनय म्हणाला, “मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुमचं बरोबर होतं.”

बरोबर असण्याचं पुढे काय करायचं, हे तोही सांगू शकला नसता. मी त्याला विचारलं नाही. त्या दिवशी मी न बोलता ते पान बदलून दिलं असतं, तर कदाचित तो आज इथेच असता. कदाचित दुसऱ्या कुठल्या पानाने गेला असता. मी मोठ्याला, काकांना नावं ठेवते, मनातल्या मनात पोटभर ठेवते, पण हे एक कोडं मला नावं ठेवून सुटत नाही.

दोन हजार आठच्या सुरुवातीला आणखी दोन देश त्या चुलीत गेले. यावेळी दुकानात खोकी आली नाहीत. ऑफिसातली नवी मुलगी यांना म्हणाली, आमच्या सरांनी व्याख्याच अशी लिहिलीय, की कितीही देश येऊ देत, पान बदलावं लागत नाही. आमचे सर! हे मला सांगताना हसत होते. मी खळ ढवळत होते, ती करपली.

त्याच वर्षी ऑफिसने कागद बंद केले, सगळं कॉम्प्युटरवर. शेवटचा एक करार शिवायला आला, निळी रिबन लावायची होती. मी पानं ठोकून लावत होते, तेव्हा ते पान हाताला लागलं. यादी नव्हती, पण जागा तीच, सुरुवातीची मोठी अक्षरं तीच. खाली एक वाक्य. रद्दीच्या कागदावर लिहिलं जाताना मी पाहिलं होतं, तेवढंच लांब.

आरी थोडी आत घेतली असती, तर त्या ओळीची सुरुवात शिवणीत गेली असती. मोठ्याच्या पुस्तकात त्याचीच व्याख्या कुणाला वाचता आली नसती. आणि त्याच्याकडून मजकुराबद्दल काही परत येत नाही, हे मला माहीत होतं. मी आरी टेकवलीही तिथे.

मग काढली, कडेला घेतली. वाक्य विनयचं होतं. मी ते नीट दिसेल असं शिवलं.